किटली, शिडी आणि चार मतं

आप्पा,

यंदाच्या लोकसभेला आईनं घरात बसून मत दिलं. पंच्याऐंशी पार केलेल्यांसाठी सरकारनं तशी सोय केली आहे. मतदानाच्या आठवडाभर आधी माणसं घरी येतात, पुठ्ठ्याचा आडोसा उभा करतात, मतपत्रिका देतात आणि पाकीट बंद करून घेऊन जातात. तुम्ही असता तर आधी त्यांच्याकडचे सगळे फॉर्म मागून घेतले असते, चष्मा कपाळावर चढवून वाचले असते आणि निदान दोन चुका काढल्या असत्या. जिल्हाधिकाऱ्यांच्या डी.सी. ऑफिसच्या बाहेर कडुनिंबाखाली टेबल टाकून तीस वर्षं लोकांचे अर्ज-करार लिहून देणारा बाँड रायटर तुम्ही. दुसऱ्यानं भरलेला फॉर्म चुका न काढता तुमच्या हातून कधी परत गेला नाही.

चौघं जण आले होते. पुढे एक तरुण बाई, कुठल्याशा कन्नड शाळेतली शिक्षिका, मागे शिपाई, पोलीस आणि व्हिडिओ घेणारा पोरगा. आई टिळकवाडीच्या आमच्या फ्लॅटमध्ये खिडकीजवळच्या खुर्चीत, इस्त्रीचं नऊवारी नेसून सकाळी आठपासून तयार बसलेली. "कूड्री, कूड्री," म्हणत तिनं सगळ्यांना बसवलं. तुमची जुनी ॲल्युमिनियमची किटली तिच्यामागच्या फळीवरच असते. कॅमेरा सुरू व्हायच्या आत आमच्या ह्यांनी ती उचलली आणि आत नेऊन ठेवली. आई म्हणाली, "का वो, किटलीनं काय केलं?" हे म्हणाले, "मामी, आचारसंहिता हाय. चिन्ह दिसलं तर मामांचा प्रचार व्हईल." ती शिक्षिका गोंधळून आमच्याकडे बघत राहिली. तिला कुठून सांगायचं, आप्पा, की ह्या घरातून दोन माणसं लोकसभेला उभी राहिली होती आणि दोघांना मिळून नऊ मतं पडली होती.

हे पत्र त्या नऊ मतांबद्दलच आहे. त्यातल्या एका मताबद्दल मी तुम्हाला कधी बोलले नाही आणि ते गेली कित्येक वर्षं माझ्या मनात दातात अडकलेल्या सुपारीसारखं आहे. पण तुमची लेक आहे, तेव्हा मूळ मुद्द्यावर यायच्या आधी मतदारसंघाचा पूर्वेतिहास सांगितल्याशिवाय राहवणार नाही. तुम्ही तर कुणी नुसता पत्ता विचारला तरी पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीपासून सुरुवात करायचात.

तुमची ती लांबट, लाल कापडी पाठीची वही आता माझ्याकडे आहे. पहिल्या पानावर तुमच्या कोरीव अक्षरात लिहिलंय, "आमच्या लोकसभा मतदारसंघाचे चरित्र." इतिहास नाही, चरित्र. मी शाळेत असताना विचारलं होतं, की चरित्र माणसाचं असतं ना? तुम्ही म्हणालात, "आक्का, ह्याचीसुद्धा जन्मतारीख आहे, ह्यालाही आजारपणं आली, दत्तक गेला, नाव बदललं. मग माणूस नाही तर काय?" पहिल्या निवडणुकीपुढे तुम्ही लिहिलंय, राज्य मुंबई. दुसरीपुढे, राज्य म्हैसूर. आणि समासात बारीक अक्षरात, "आम्ही जागचे हललो नाही. राज्य हलले." पहिल्या वेळी प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी असायची आणि लोक पेटीला हळद-कुंकू लावून मत टाकायचे, हे तुम्ही तुमच्या वडिलांकडून ऐकून लिहिलंय. मग एकाच पक्षाचं लांबलचक राज्य, मग ते गेलं, दुसरे आले. पुढे हद्दी नव्यानं आखल्या गेल्या. तो नकाशा तुम्ही रंगीत पेन्सिलीनं काढून चिकटवला आहे. निपाणी आपल्या मतदारसंघात नाही, तरी तिला तुम्ही शेजारी वेगळ्या रंगात काढलंय आणि खाली टीप दिली आहे, "सौ.चे माहेर. तिकडे चिक्कोडीस मतदान." पाहुणे आले की तुम्ही सांगायचात, की बेळगाव आणि निपाणी ह्या सख्ख्या बहिणी, पण दोन वेगळ्या घरी दिल्यात, भेट व्हायची ती फक्त सीमाप्रश्नाच्या मोर्चात. त्यावर आई भाकरी थापता थापता आतून म्हणायची, "आनि मला निपाणीस्नं हितं आणून कोंडलंय ते बी ल्ह्या वहीत."

तुमचं एक लाडकं वाक्य होतं. विधानसभेला आपला माणूस मनानं मत देतो आणि लोकसभेला हिशेबानं. विधानसभेला मराठीसाठी जीव टाकणारी गल्ली लोकसभेला दिल्लीतल्या पक्षांकडे बघून शिक्का मारायची, ह्याचं तुम्हाला वाईट वाटायचं आणि गंमतही वाटायची. म्हणूनच चळवळीच्या सभेत जेव्हा ठरलं की ह्या लोकसभेला इतके अर्ज भरायचे, इतके, की मतपत्रिका छापणं मुश्कील व्हावं आणि दिल्लीनं विचारावं हे बेळगाव आहे तरी कुठं, तेव्हा सगळ्यात जास्त आनंद तुम्हाला झाला. मत मागायची नाहीत, निवडून यायचं नाही, नुसतं उभं राहायचं. तुमच्या टेबलापुढे रांग लागली. विणकर, फाउंड्रीतले कामगार, निवृत्त हेडमास्तर, कॅम्पातला एक बेकरीवाला. तुम्ही दुपारचं जेवण टेबलावर मागवून घेत होतात आणि डबा घेऊन मी येत होते, म्हणून मला ते सगळं डोळ्यांपुढे दिसतंय. ऊन कडुनिंबातून गळतंय, तुमच्या टाइपरायटरची खडखड चालू आहे, आणि तुम्ही एकेका उमेदवाराला शाळेतल्या पोरासारखं दटावताय. "रकाना रिकामा ठेवायचा नाही. माहिती नसेल तर निरंक लिहा. रिकाम्या रकान्यात दुसराच कुणी काहीतरी लिहितो."

त्याच रांगेत एक दिवस हे होते. शहापुरातल्या आपल्याच मागच्या गल्लीतले, वडील मागावर साड्या विणणारे, स्वतः फाउंड्रीत कामाला, अंगाला अजून काजळीचा वास. त्यांनी अर्जात सूचकाच्या जागी स्वतःचीच सही केली होती. तुम्ही सगळ्यांसमोर कागद वर धरून म्हणालात, "वा! स्वतःचं नाव स्वतःच सुचवलंत? मग लग्नात अक्षता बी स्वतःच टाकून घ्या!" रांग हसली. मीही हसले. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि तेही हसले, अगदी मोकळे. तुमच्या बोलण्यानं माणसं खाली मान घालायची. हे पहिलेच, ज्यांनी हसून "चुकलं मामा, दुसरा द्या फॉर्म" असं म्हटलं. तुम्हाला ते आवडलं, हे मला तुमच्या मिशीवरून कळलं. मला का आवडलं ते तुम्हाला कळलं नाही, कारण मला मिशी नव्हती.

शेवटच्या दिवशी, सगळ्यांचे अर्ज भरून झाल्यावर, तुम्ही स्वतःचा भरलात. एकही चूक नाही, एकही रकाना रिकामा नाही. चारशेच्या वर उमेदवार झाले होते. चिन्हांची ओढाताण सुरू होती. तुम्हाला किटली मिळाली, ह्यांना शिडी. मतपत्रिका म्हणजे पुस्तकच झालं, मतदान पुढे ढकलावं लागलं, आणि तुम्ही वहीत लाल शाईनं लिहिलंत, "दिल्लीस जाग आली." पुढे सरकारनं कायदा बदलून अनामत वाढवली, सूचक वाढवले, तेव्हा तर तुम्ही गल्लीभर सांगत फिरलात, की मी एकही कायदा पास केला नाही, पण एक बदलायला लावला.

मतदानाच्या सकाळचं स्वयंपाकघर आठवतं का? आई चुलीपाशी, आत्या पाटावर गुडघ्याला तेल चोळतेय, दादा दारात चप्पल शोधतोय. तुम्ही आत आलात आणि घसा साफ करून म्हणालात, "एक सांगतो. ह्या घरात मी मत मागणार नाही. ज्याचं मत त्याचं. गुप्त असतं, ते गुप्तच राहावं." आणि एवढं बोलून, उभ्या जन्मात स्वतःच्या हातानं पाण्याचा तांब्या न भरलेल्या माणसानं फळीवरची किटली काढली, चहा ठेवला, आणि त्या किटलीतून एकेकाच्या कपात चहा ओतत घरभर फिरला. आपण पाच मतदार, पाच कप. चहात साखर इतकी, की चमचा उभा राहावा. आई पदर तोंडाला लावून हसत म्हणाली, "ह्याला प्रचार न्हाय तर काय म्हंत्यात?" तुम्ही गंभीरपणे म्हणालात, "ह्याला चहा म्हणतात."

शाळेतल्या त्या केंद्रावर जी मजा झाली तिची गल्लीत अजून आठवण काढतात. एकेका मतदाराला ते पुस्तक चाळायला इतका वेळ लागत होता, की रांग वळून देवळापर्यंत गेली. आत्याला वाचता येत नव्हतं. ती एकेक पान उलटून चित्रं बघत बसली. आत पंखा, छत्री, बादली, शिलाई मशीन. बाहेरून लोक ओरडतायत, "आजी, चित्रपुस्तक घरी जाऊन बघा!" शेवटी ती बाहेर आली आणि साऱ्या रांगेला ऐकू जाईल असं म्हणाली, "किटलीवर मारलं गं बाई, लई आत हुती!" दादानंही बाहेर येऊन तुम्हाला अंगठा दाखवला. आई गेली आणि एका मिनिटात बाहेर आली. त्या मिनिटावरूनच तुम्हाला पुढे संशय आला. मग मी आत गेले.

निकालानंतर चार दिवसांनी डी.सी. ऑफिसच्या फलकावर सगळी यादी लागली. तुम्ही टेबल सोडून वही घेऊन उभे राहिलात आणि चारशेच्या चारशे नावं मतांसकट उतरवून घेतलीत. दोन दिवस लागले. स्वतःचं नावही इतरांइतक्याच अक्षरात लिहिलंत, पुढे आकडा चार. ह्यांच्या पुढे पाच. घरी येऊन तुम्ही जेवणाच्या पाटावर ते जाहीर केलंत. हरल्याचं दुःख नव्हतंच. पण घरात पाच आणि पेटीत चार म्हणजे काय? तुम्ही घास हातात धरून एकेकाकडे बघितलंत. "आमच्या ताईची किटली तर सगळ्या शहापुरानं ऐकलीय. थोरल्यानं अंगठा दाखवला. आक्काचा तर प्रश्नच नाही." आणि मग आईकडे वळून, "एका मिनिटात किटली कशी सापडली हो तुम्हाला?" तुम्ही आईला अहो-जाहो करायला लागलात की कोर्ट भरलं असं आम्ही समजायचो. आई शांतपणे भाजी वाढत म्हणाली, "गुप्त असतंय न्हवं? तुमीच सांगितलासा." आम्ही सगळे हसलो. मी मात्र पाणी आणायच्या निमित्तानं उठले. आक्काचा तर प्रश्नच नाही, हे तुम्ही किती सहज म्हणालात.

पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. दीड वर्षानं ह्यांच्या घरून विचारणा आली. तुम्ही एक दिवस विचार करून म्हणालात, "मुलगा निर्व्यसनी आहे, कष्टाळू आहे आणि माझा सहउमेदवार आहे. तिसरी गोष्ट कुठल्या स्थळात मिळणार?" लग्नात हे तुमच्यासमोर येऊन स्वतःच्या डोक्यावर चिमूटभर अक्षता टाकून घेऊन म्हणाले, "तुम्हीच सांगितलंत, मामा." तुम्ही इतके हसलात की भटजींना थांबावं लागलं. आणि पहिल्या दिवाळसणाला कुंद्याच्या मिठाईचा डबा पुढे करत त्यांनी ते वाक्य काढलं जे पुढे तुमच्या शेवटच्या दिवाळीपर्यंत चाललं. "मामा, काय बी म्हणा, एका मतानं पाडलं तुमाला." आणि तुमचं ठरलेलं उत्तर, आईकडे हात करून, "जावईबापू, आमच्या घरात घरभेदी निघाला, नाहीतर तुमची शिडी कुठं लागत होती!" दरवर्षी तेच. नातवंडांना पाठ झालं होतं. आई तुमच्या ताटात करंजी वाढायची आणि एक अक्षर बोलायची नाही. मीही बोलायची नाही. मला वाटायचं, आई निरपराध असून माझ्या वाटचं ऐकून घेतेय. एकदा तर मी तुम्हाला सांगायचं ठरवून तुमच्या टेबलापाशी आले होते. पहिल्या पगाराचा दिवस होता, मी शाळेत लागले होते. मी तोंड उघडायच्या आत तुम्ही खिशातून शाईचं पेन काढून माझ्या हातात दिलंत. तुमचं स्वतःचं, झाकणाला दातांच्या खुणा असलेलं. म्हणालात, "ह्यानं आजवर खोटं काही लिहिलेलं नाही. सांभाळ." मग काय सांगणार, आप्पा! पेन घेतलं आणि घरी आले.

तुम्ही गेलात त्यालाही आता वीस वर्षांवर झाली. तुमच्यामागे मतदारसंघाचं चरित्र मी चालू ठेवलंय, तुमच्याइतकं सुबक नसेल, पण रकाने रिकामे नाहीत. पुस्तक जाऊन मशीन आलं. मधे एकदा आपल्या लोकांनी पुन्हा तोच घाट घातला, पन्नासावर उमेदवार उभे केले, मशीनला मशीन जोडावं लागलं, पण तुमच्या वेळची बात नव्हती. एका पोटनिवडणुकीत चळवळीतल्या एका तरुण पोरानं लाखावर मतं घेतली. हरला, पण त्या दिवशी मी वहीत तुमच्यासारखं लाल शाईनं लिहिलं. तिकडे निपाणीचा चिक्कोडी मतदारसंघ राखीव होता तो खुला झाला, मामाच्या पोरांनी त्यावर रात्रंदिवस वाद घातले. मी स्वतः किती निवडणुकांची ड्युटी केली. प्रत्येक केंद्रावर माणसं बोटाला शाई लावून आडोशामागे जातात तेव्हा मला उगीचच वाटतं, ही आता आत काय करतायत ते ह्यांच्या घरच्यांना कधी कळेल का?

तर यंदाचं मतदान. शिक्षिकेनं आईला मतपत्रिका दिली. एकच पान. आईनं ते उलटसुलट करून बघितलं आणि म्हणाली, "एवढीच व्हय? बाकीची पानं कुठं गेली?" ती बाई मोडक्या मराठीत म्हणाली, "अज्जी, एवढेच लोक उभे आहेत." आई आडोशामागे गेली. ह्या वेळी मात्र तिनं चांगली पाच मिनिटं घेतली. पाकिटं बंद झाली, सह्या झाल्या, मंडळी पाणी पिऊन गेली. हे किटली परत घेऊन आले, मी त्यातच चहा केला आणि आम्ही तिघं खिडकीपाशी बसलो. ह्यांनी सवयीनं काढलंच, "मामी, आज मामा असतं तर म्हणालं असतं, घरभेदी." आई चहाची बशी धरून बसली होती. म्हणाली, "त्यांचं खरं हुतं बाबा. मी न्हवतंच दिलं त्यास्नी."

ह्यांनी कप खाली ठेवला. "म्हंजी? किटली घावली न्हाय तुमाला?"

"घावायचं काय त्यात? हुडकलीच न्हाय. पैल्या पानावर पैलं जे नाव हुतं, त्येच्यावर मारला शिक्का आनि आलो भाईर."

"का गं आई?" मी विचारलं.

आई माझ्याकडे असं बघत होती, की एवढंही ह्या मास्तरणीला कळू नये. "निवडून आलं असतं तर? दिल्लीला जावं लागलं असतं त्यास्नी. तितं कोन भाकरी करून घालनार? आत्याबाईंचं गुडघं तसलं, तुझं लगीन व्हायचं, थोरल्याला नोकरी न्हाय. आनि मी एकटी हितं. न्हाय बाबा, म्हटलं, र्‍हावा तिकडंच झाडाखाली, सांजंला घरला तरी येत्यासा."

"मामी," हे म्हणाले, "चारशे माणसं उभी हुती. मामा निवडून कसं येणार?"

"तुमास्नी वाटत न्हवतं," आई म्हणाली. "मला वाटत हुतं. त्यांच्या टेबलाम्होरं रोज किती मानसं यायची, बघितलंयसा न्हवं तुमी? कुणाचं काम आडवलं न्हाय त्यांनी. येकेकानं एक शिक्का मारला असता, तरी झालं असतं."

आप्पा, मला हसू फुटलं आणि त्याच हसण्यात डोळे भरून आले, मी ते पुसलेही नाहीत. चळवळीचे चारशे उमेदवार उभे राहिले, त्यातल्या एकालाही वाटत नव्हतं आपण निवडून येऊ. तुम्हालाही वाटत नव्हतं. चळवळीतल्या पुढाऱ्यांना, तुम्हाला मत दिलेल्या आत्यालासुद्धा वाटत नव्हतं. अख्ख्या मतदारसंघात तुमच्या उमेदवारीवर खरोखर विश्वास ठेवणारं एकच माणूस होतं, आणि विश्वास होता म्हणूनच तिनं तुम्हाला मत दिलं नाही. तुम्ही इतकी वर्षं तिला घरभेदी म्हणालात आणि ती करंजी वाढत राहिली. मी म्हटलं, "मग आप्पांना सांगितलं का नाहीस कधी?" तर म्हणाली, "सांगितलं असतं तर म्होरल्या खेपंला परत उभं र्‍हायलं असतं." तुम्हाला ओळखणारं तिच्याइतकं दुसरं कुणी नव्हतं, हे मात्र मान्य करा.

ती झोपल्यावर दुपारी मी वही काढली. तुमच्या नावाच्या ओळीत शेवटी शेऱ्याचा रकाना आहे. त्यात तुम्ही चार मतांची फोड केली आहे, बारीक सुबक अक्षरात. "स्वतः. ताई. थोरला. आक्का." आणि त्याखाली, "सौ. : निरंक." सौ.च्या बाबतीत तुमचा संशय शंभर टक्के बरोबर निघाला. चूक दुसरीकडे आहे. आता सांगतेच.

मला किटली सापडली होती, आप्पा. सापडली नाही असं म्हणता आलं असतं, पुस्तकच तेवढं होतं. पण ह्यांनी आदल्या संध्याकाळी आपल्या घरी येऊन, फॉर्म भरताना नेलेलं तुमचं पेन परत करताना मला हळूच सांगितलं होतं, की मी अकराव्या पानावर हाय. किटली त्याच्या आधीच्याच पानावर होती. माझा शिक्का किटलीवर आला, थांबला. तुमच्या चहाची गोडी अजून जिभेवर होती. मी मनात म्हटलं, आप्पांना घरची चार तर आहेतच, ह्यांना बिचाऱ्यांना कोण देणार? आणि पान उलटलं. बावीस वर्षांची होते. तेव्हा मला वाटलं मी दया करतेय. शिडीला पाच, किटलीला चार. पान उलटलं नसतं तर उलटं झालं असतं, आणि पुढची सगळी दिवाळसणं "जावईबापू, एका मतानं" हे तुम्ही म्हटलं असतं. तुमच्याकडून मी तेवढं घेतलं. माफ करा, असं म्हणायला गेले तरी तोंडावर हसू येतंय, कारण तुम्हीच त्या माणसाच्या अर्जातली चूक दुरुस्त केली नसती तर तो मतपत्रिकेवर आलाच नसता.

पण हे लिहिताना एक गोष्ट लक्षात आली आणि मी ताठ बसले. आईनं दिलं नाही. मीही नाही. म्हणजे घरची मतं तीनच. आणि तुम्हाला तर चार पडली! कुणीतरी बाहेरचं होतं, आप्पा. कुणीतरी, जिला किंवा ज्याला तुम्ही चहा पाजला नव्हता, ज्याच्याकडे मत मागितलं नव्हतं, ते उन्हात रांगेत उभं राहून एवढं पुस्तक चाळून किटली शोधत गेलं आणि तुमच्यावर शिक्का मारून कुणाला न सांगता घरी गेलं. कधी झाडाखाली तुम्ही ज्याचा रेशनकार्डाचा अर्ज फुकट लिहून दिला असेल असं कुणी. शहापुरात गेले की आता मी म्हाताऱ्या माणसांच्या तोंडाकडे बघते. तुम्ही आयुष्यभर समजलात की घराबाहेरचं एकही मत तुम्हाला नाही. होतं.

तुमच्याच पेनानं, ज्यानं आजवर खोटं काही लिहिलेलं नाही त्यानं, मी शेऱ्याच्या रकान्यातलं "आक्का" खोडलं आहे. जागा रिकामी ठेवायची नाही, म्हणून तिथं "अनोळखी" असं लिहिलं. बाकी हे पत्र कुठं टाकायचं नाहीच, तुमचा आताचा मतदारसंघ मला ठाऊक नाही. वहीच्या मागच्या कव्हरात ठेवलं असतं, पण दर रविवारी हे वही काढतात आणि दुसऱ्या कुठल्या ओळीकडे न बघता आपल्या पाच मतांवर बोट ठेवून तुमच्या नातवाला सांगतात, की बघ, एक माझं, बाकी चारच्या चार परक्या माणसांची, घरचं तर मी कुणाला उभं राहिल्याचं बी सांगितलं न्हवतं. म्हणून शिडीच्या ओळीतला शेऱ्याचा रकाना तेवढा मी रिकामाच ठेवला आहे, आणि हे पत्र किटलीत.